१२५ थेंब : एका चुकीच्या उत्तराची चार वाचने

डॉक्टरांची ऑर्डर होती ५०० मिलिलिटर सलाईन, चार तासांत. हाताशी असलेल्या ड्रिप सेटच्या पाकिटावर २० थेंबांचा १ मिलिलिटर असे छापलेले होते. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने कागदाच्या कोपऱ्यात ५०० ला ४ ने भागले, उत्तर १२५ आले, आणि मिनिटाला १२५ थेंब पडतील अशा बेताने ती नळीवरचा रोलर, म्हणजे थेंबांचा वेग कमी-जास्त करणारे चाक, सैल करू लागली. शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी सिस्टरांनी, थेंब पडताना जिथे दिसतात त्या चेंबरकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता रोलर बंद केला. बरोबर उत्तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब असे होते. १२५ च्या वेगाने ती बाटली चार तासांऐवजी ८० मिनिटांत संपली असती.

रुग्णाला काही झाले नाही, कारण नवख्या परिचारिकेने पहिले काही आठवडे एकटीने सलाईन लावायचे नाही हा नियम तिथे पाळला जात होता. पण प्रशिक्षण विभागाला या घटनेची दखल घ्यावीच लागली, कारण याच परिचारिकेने महिन्याभरापूर्वी औषधमात्रेच्या गणिताचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि थेंबांच्या घटकात तिला पैकीच्या पैकी गुण होते. त्या अभ्यासक्रमाची फेरआखणी करण्याच्या कामात मी सहभागी होतो. हे प्रकरण त्या कामाचे आहे. व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून बाजूचे तपशील बदलले आहेत, गणित मात्र बदललेले नाही, कारण सगळे प्रकरण त्या गणितातच आहे.

मूळ अभ्यासक्रम

अभ्यासक्रम निष्काळजीपणे केलेला होता असे म्हणता येणार नाही. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्ट होते, मग सूत्र, मग सोडवलेली दोन उदाहरणे, मग सरावाचे प्रश्न आणि शेवटी चाचणी. सरावात प्रत्येक उत्तरानंतर लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे कळत होते. थेंबांच्या घटकाचे उद्दिष्ट होते, ‘प्रशिक्षणार्थीला थेंबांचा वेग काढता येईल.’ सूत्र नेहमीचेच होते : एकूण मिलिलिटरला सेटच्या थेंबसंख्येने गुणायचे आणि एकूण मिनिटांनी भागायचे. चाचणी त्याच बैठकीत, घटक संपल्यासंपल्या होत असे, आणि सूत्र पडद्याच्या वरच्या पट्टीत चाचणीभर दिसत राहत असे. हे शेवटचे सौजन्य कोणी आणि का दाखवले होते ते कुणालाच आठवत नव्हते.

विभागाची पहिली सूचना अपेक्षेप्रमाणेच होती. घटकात आणखी काही पडदे घालावेत, धोक्याची सूचना लाल अक्षरांत द्यावी आणि सर्वांना चाचणी पुन्हा द्यायला लावावी. या सूचनेच्या मागेही एक अध्ययन सिद्धान्त आहे, फक्त तो कुणी लिहून ठेवत नाही : सांगितले की माणूस शिकतो, विसरला की पुन्हा सांगावे, आणि तरी चुकला तर मोठ्याने सांगावे. सिद्धान्ताशिवाय केलेली आखणी माझ्या पाहण्यात नाही. आखणी करणाऱ्याला आपला सिद्धान्त ठाऊक असतो की नसतो, एवढाच काय तो फरक.

म्हणून पडदे वाढवण्याआधी आम्ही तो कागदाचा कोपरा पुढे ठेवला आणि ‘५०० ÷ ४ = १२५’ ही नेमकी कोणती चूक आहे असे एकमेकांना विचारले. उत्तरे चार आली. ज्याने त्याने आपापल्या सिद्धान्ताच्या चष्म्यातून कागद वाचला होता.

पहिले वाचन : वळण चुकीचे लागले

वर्तनवादी दृष्टीने पाहणारा माणूस मनात काय चालले होते हे विचारत नाही. कोणत्या परिस्थितीत कोणती कृती झाली आणि तिला पूर्वी कोणते फळ मिळाले होते, एवढेच तो पाहतो. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले आणि मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळत नाही, हे पाहून अस्वस्थ झाले. त्यातून त्यांची शिकवणी यंत्रे आणि लहान लहान पायऱ्यांचे क्रमबद्ध अध्यापन पुढे आले. आमचा अभ्यासक्रम त्या परंपरेतलाच होता. पायऱ्या लहान होत्या आणि प्रबलन, म्हणजे कृती पक्की करणारी पावती, तत्काळ मिळत होते. मग घोटाळा कुठे झाला?

आमच्यातल्या एकाने सरावाचे सगळे प्रश्न छापून काढले आणि प्रत्येकातला सेट कोणता ते समासात लिहीत गेला. बहुतेक सगळे प्रश्न मायक्रो सेटचे निघाले. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, तासात मिनिटेही ६०, त्यामुळे दोन्ही साठ एकमेकांना छेदतात आणि ताशी जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, असे सोपे गणित उरते. घटक लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केले होते. आकडे सुटसुटीत यावेत, भागाकारात कुणी अडकू नये, हा त्याचा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र असा झाला की ‘मिलिलिटरला तासांनी भागा आणि थांबा’ या कृतीला सरावात पुन्हा पुन्हा ‘बरोबर’ची पावती मिळत गेली. प्रबलनाने आपले काम चोख केले होते, पण ते भलत्याच कृतीचे झाले होते. या वाचनातून निघणारा उपाय असा, की सेट बदलला की उत्तरही बदलले पाहिजे अशी परिस्थिती सरावात वारंवार यावी, म्हणजे कृतीचा ताबा पाकिटावरच्या आकड्याकडे जाईल.

दुसरे वाचन : हात अपुरे पडले

दुसऱ्या वाचनात लक्ष होते कार्यस्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या ऐवजावर. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या जवळपास आणून ठेवली. आता चार तासांची मिनिटे २४० करायची, ५०० ला २० ने गुणायचे, दहा हजार ही संख्या धरून ठेवायची, २४० ने भागायचे आणि ४१.६७ चे ४२ करायचे, हे सगळे नवख्या माणसाने वॉर्डच्या गडबडीत करायचे आहे. तिने पहिली पायरी केली, एक सुबक आकडा हाती आला आणि मन तिथेच थांबले.

जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम इथे थेट उपयोगी पडते. स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवले, की नवशिक्याला नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर तो कमी वेळात अधिक शिकतो, कारण उत्तराचा शोध घेण्यातच त्याची बहुतेक कार्यस्मृती खर्ची पडते आणि पद्धत लक्षात घ्यायला काही उरत नाही. आमच्या घटकात सोडवलेली उदाहरणे दोनच होती. शिवाय सेटची थेंबसंख्या प्रश्नाच्या मजकुरात नव्हती. ती वेगळ्या पडद्यावरच्या तक्त्यात होती आणि प्रशिक्षणार्थीला मागे-पुढे जावे लागत होते. लक्ष असे दोन ठिकाणी विभागले की त्याचाही भार पडतो. म्हणजे जो आकडा निर्णायक, तोच आम्ही दूर नेऊन ठेवला होता.

तिसरे वाचन : तिचे गणित बरोबरच होते

तिसरे वाचन आम्हाला सुचले नाही. ते त्या परिचारिकेनेच दिले, आणि तेही आम्ही तिला विचारायला गेलो तेव्हा. चर्चा सुरू होऊन आठवडा उलटून गेला तरी हे करायचे कुणाच्या डोक्यात आले नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे. ती म्हणाली, “ताशी १२५ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १२५ थेंब. मायक्रोला असेच करतात ना?”

तिच्या दृष्टीने तिने पायरी गाळलेलीच नव्हती. तिच्याकडे एक नियम होता, तो मायक्रो सेटपुरता अचूक होता, आणि तो फक्त मायक्रो सेटपुरता आहे हे तिला कुणी जाणवून दिले नव्हते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा असाच अभ्यास केला होता. वरवर बेजबाबदार वाटणाऱ्या पुष्कळ चुका एखादा चुकीचा नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे होतात, असे त्यांनी दाखवले. ज्ञानरचनावादाचा गाभाही हाच आहे. शिकणाऱ्याची पाटी कोरी नसते, नवे ज्ञान तो जुन्यावर बांधतो, आणि जुने तोकडे असेल तर ते हटवून चालत नाही, त्याची हद्द त्याच्याच नजरेला आणून द्यावी लागते. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे हा अध्ययनावर प्रभाव टाकणारा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे, असे डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये म्हटले. ते वाक्य प्रशिक्षणाच्या सादरीकरणांत नेहमी दिसते, पण त्याप्रमाणे शिकणाऱ्याला जाऊन विचारण्याचे काम सहसा राहूनच जाते.

पहिली दोन वाचने खोटी नव्हती. पण त्यांच्यातून तिची चूक म्हणजे एक उणीव, काहीतरी न आलेले किंवा न पेललेले, असे चित्र उभे राहत होते. तिसऱ्या वाचनाने तीच चूक ज्ञान म्हणून समोर आणली. ‘सूत्र विसरू नका’ असे लाल अक्षरांत लिहून तिला काहीही फरक पडला नसता, कारण ती सूत्र विसरलेलीच नव्हती. सूत्राचा सोपा अवतार तिला सापडला होता आणि ती तो वापरत होती.

चौथे वाचन : वॉर्डात प्रश्न असा येतच नाही

चौथे वाचन परिस्थितीचे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्रीच्या व्यवहारात तोंडी हिशेब करताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर येत होती, आणि त्यांनाच तसलीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर सुमारे ३७ टक्के. आमच्या कामाला याहूनही जवळचा आहे तो सीलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पॉझी यांचा २००१ चा अभ्यास. लहान मुलांच्या वॉर्डातल्या परिचारिका औषधमात्रा कशा काढतात हे त्यांनी प्रत्यक्ष कामात पाहिले. परिचारिकांना शिकवलेले सूत्र तोंडपाठ होते, तरी प्रत्यक्षात त्या पुष्कळदा त्या त्या औषधाशी आणि त्याच्या व्हायलशी, म्हणजे कुपीशी, जोडलेल्या स्वतःच्या रीती वापरत होत्या, आणि त्यांची उत्तरे बरोबर येत होती.

आमच्या चाचणीत प्रश्न तयार वाक्यात येत होता. वॉर्डात तो तसा येत नाही. तिथे केसपेपरवरच्या ऑर्डरमधून दोन आकडे उचलायचे असतात, तिसरा पाकिटावर शोधायचा असतो, आणि ते पाकीट बऱ्याचदा फाडून कचऱ्यात गेलेले असते. उत्तर कागदावर लिहून भागत नाही, घड्याळ समोर धरून चेंबरमधले थेंब मोजावे लागतात. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच सांगितले होते, की एका ठिकाणचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी तेवढेच उतरते जेवढे घटक दोन्हीकडे समान असतात. चाचणी आणि वॉर्ड यांच्यात समान काय होते, तर भागाकार.

नवी आखणी

या चारांतून एक निवडायचे काय, यावर बरीच घासाघीस झाली. माझे मत तेव्हाही असे होते आणि आजही आहे, की सिद्धान्त म्हणजे निष्ठा वाहण्याचे पक्ष नव्हेत. चूक कोणती मानायची हे सिद्धान्त ठरवतो. म्हणून आखणी करणाऱ्याने एकाच चुकीला निरनिराळे प्रश्न विचारून पाहावेत आणि पुरावा ज्या उत्तराच्या बाजूने आहे तिथे आधी हात घालावा. आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा तिसऱ्या वाचनाचा होता, कारण ते त्या परिचारिकेच्या तोंडचे होते. म्हणून सुरुवात तिथून झाली.

आधी उद्दिष्ट बदलले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सुचवलेली शिस्त साधी आहे. माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगले केले म्हणजे पुरे, हे तिन्ही उद्दिष्टात हवे. नवे उद्दिष्ट असे झाले : ‘ऑर्डर, ड्रिप सेटचे बंद पाकीट आणि सेकंदकाट्याचे घड्याळ हाती असताना, प्रशिक्षणार्थी थेंबांचा वेग काढेल, रोलरने तो लावेल आणि १५ सेकंदांचे थेंब मोजून पडताळेल, पाकिटावरची थेंबसंख्या मिळत नसेल तर वेग न लावता विचारेल.’ यातला शेवटचा भाग घालायला वरिष्ठ सिस्टरांनी लावले, आणि सगळ्या उद्दिष्टात तोच सर्वांत मोलाचा आहे.

घटकाची सुरुवात आता सूत्राने होत नाही. पडद्यावर एकच ऑर्डर आणि शेजारी-शेजारी दोन सेट येतात, एक मायक्रो आणि एक २० थेंबांचा. दोन्हींना मिनिटाला १२५ थेंब लावले तर कोणती बाटली आधी संपेल, हा पहिला प्रश्न. उत्तर आकड्यात मागितलेले नाही. मग दोन्ही चेंबर चालताना दिसतात. मायक्रोचे थेंब बारीक असतात, २० चे थेंब तिप्पट मोठे, आणि म्हणून त्याची बाटली तिप्पट वेगाने उतरते. सोपा नियम खोटा नाही, त्याला हद्द आहे, आणि ती हद्द म्हणजे थेंबाचा आकार, हे सूत्र येण्याआधीच डोळ्यांना दिसते.

त्यानंतर सोडवलेली उदाहरणे. पहिले पूर्ण सोडवलेले, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असे करत आधार काढून घेतला. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकवणाऱ्याच्या मदतीला परांचीची उपमा दिली. परांची बांधण्याचा उत्साह सगळ्यांना असतो, ती उतरवायची कधी हे ठरवणे अवघड जाते. पडद्यावरची सूत्राची पट्टी काढून टाकली. थेंबसंख्या तक्त्यातून उचलून पाकिटाच्या छायाचित्रात, म्हणजे जिथे ती वॉर्डात असते तिथेच, ठेवली.

सराव सरमिसळ केला. सेट बदलते, वेळ कधी तासांत तर कधी मिनिटांत, आणि मध्येच एखादा प्रश्न असा, की ज्यात थेंब काढायचेच नाहीत. इथे आम्हाला पुढचा विरोध आधीच ठाऊक होता. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाच्या गणितांचा एकेक प्रकार घेऊन सराव केलेल्यांना सरावात ८९ टक्के आणि सरमिसळ सराव केलेल्यांना ६० टक्के यश मिळाले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ असे उलटले. आमच्याकडेही सरावातले गुण घसरले आणि नवा घटक जुन्यापेक्षा वाईट आहे अशी तक्रार वर गेली. रोहरर-टेलर यांचे चार आकडे एका कागदावर लिहून आम्ही तो कागद बैठकीत फिरवला. त्याने विरोध मावळला नाही, पण महिनाभराची मुदत मिळाली.

सर्वांत मोठी भर मात्र पडद्याबाहेर पडली. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याचे वर्णन कामाच्या समुदायात कडेने प्रवेश करून हळूहळू मध्याकडे सरकणे असे केले. त्या धर्तीवर आम्ही अनुभवी सिस्टरांना विनंती केली, की सलाईन लावताना मनात जे चालते ते नवख्या परिचारिकेच्या कानावर पडेल असे बोलत जावे. बऱ्याच जणींना ते जमेना. “बघितलं की कळतं,” हे आम्हाला सर्वाधिक वेळा मिळालेले स्पष्टीकरण. ज्यांनी रोलर बंद केला होता त्या सिस्टरांना मात्र खोदून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी थेंब नंतर बघते. बाटली किती वाजता संपायला पाहिजे ते आधी बघते. दहाला लावली, दोनला संपायला हवी, म्हणजे अकराला पाव बाटली उतरलेली दिसली पाहिजे. थेंब इतके भराभर पडायला लागले की ती अकरालाच संपत येणार, हे दिसतंच की.”

आमच्या घटकात, जुन्या किंवा नव्या, ही तपासणी कुठेच नव्हती. सूत्र ऑर्डरकडून थेंबांकडे जाते. ही बाई बाटली संपण्याच्या वेळेकडून उलट येत होती, आणि म्हणूनच उत्तर न काढता चूक पकडू शकत होती. आता प्रत्येक उदाहरणाची शेवटची पायरी तीच आहे : काढलेल्या वेगाने बाटली किती वाजता संपेल ते सांगा. मिनिटाला १२५ थेंब, २० ने भागले की मिनिटाला सव्वासहा मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर ८० मिनिटांत. १२५ लिहिणाऱ्या माणसाला आपली चूक आता स्वतःच्याच आकड्यातून दिसते.

जिथे आम्ही चुकलो

पहिल्या तुकडीला आम्ही दोन्ही सेट आणि पाण्याची बाटली देऊन ‘फरक काय तो शोधा’ एवढेच सांगितले होते. ज्ञान स्वतः रचायचे तर कुणी मध्ये पडू नये, असा आमचा भाबडा समज. अर्धा तास पाणी सांडले, दोन-तीन जणींना फरक सापडला आणि बाकीच्यांनी त्यांचे ऐकून लिहून घेतले. मार्गदर्शन काढून घेतलेले अध्यापन नवशिक्यांना मानवत नाही, असा युक्तिवाद पॉल किर्शनर, स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये केला होता. आम्ही तो वाचलेला होता, हे विशेष. ‘शिकणारा ज्ञान रचतो’ हे शिकण्याचे वर्णन आहे, शिकवण्याची कृती त्यातून आपोआप निघत नाही. आधी अंदाज मागायचा आणि मग चेंबर दाखवायचा, हा वर सांगितलेला क्रम त्या फसलेल्या अर्ध्या तासानंतर ठरला.

दुसरी चूक उलट दिशेची होती. अतिदक्षता विभागातून बदलून आलेल्या परिचारिकांनाही आम्ही पूर्ण सोडवलेल्या उदाहरणांतून चालायला लावले. त्या वैतागल्या, आणि वैताग बाजूला ठेवला तरी त्यांचा वेगही मंदावला, कारण स्वतःची पक्की रीत सोडून पडद्यावरच्या रीतीशी मेळ घालत बसावे लागत होते. नवशिक्याला आधार देणारी रचना जाणकाराला अडथळा ठरते, याला स्लावा काल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नावही दिले आहे. आता सुरुवातीला तीन प्रश्न असतात. ते नीट सुटले तर थेट सरमिसळ सरावाकडे जाता येते.

मधल्या काळात आणखी एक मागणी आली. काही जणी पाहून शिकतात, काही ऐकून, तर प्रत्येकीच्या अध्ययनशैलीप्रमाणे वेगळा घटक करावा. ती आम्ही नाकारली. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष काढला आहे. आणि चेंबरमधला थेंब शेवटी सगळ्यांना पाहावाच लागतो.

तपासणी

जुन्या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन समाधानाचा फॉर्म आणि त्याच दिवशीची चाचणी यांवर थांबत होते. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांपैकी या पहिल्या दोन, प्रतिक्रिया आणि अध्ययन. आम्हाला तिसरी हवी होती, कामावरचे वर्तन. म्हणून तीन आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, वॉर्डाच्या साठवणीच्या खोलीत एक स्टँड, साध्या पाण्याची बाटली, एक ऑर्डर आणि पाकिटात बंद सेट ठेवून प्रत्येकीला वेग लावायला सांगितले. त्यांपैकी काहींना थेंबसंख्येचा भाग फाटून गेलेले पाकीट दिले होते.

१२५ च्या जातीची चूक, म्हणजे एका सेटचा नियम दुसऱ्याला लावणे, त्या तुकड्यांमध्ये आम्हाला पुन्हा दिसली नाही. फाटलेल्या पाकिटाशी मात्र निम्म्याहून अधिक जणी अंदाजाने पुढे गेल्या. पाकीट नसेल तर विचारायचे हे त्यांना ठाऊक होते, पण तपासणीच्या वेळी विचारणे म्हणजे अडाणीपणा दाखवणे, असे त्यांना वाटले. त्याला थेंबांचा कोणताही घटक उपाय नव्हे, तो वॉर्डात प्रश्न विचारणाऱ्याकडे कसे पाहिले जाते याचा भाग आहे, आणि तो आम्ही परिचर्या विभागाकडे त्याच शब्दांत लिहून पाठवला. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यातले गोंधळ आधी होते तसेच राहिले, कारण त्या घटकाला आम्ही हातच लावला नव्हता. एक उणीव आमच्या कामाचीही आहे. उद्दिष्ट, उदाहरणे, सराव आणि वॉर्डातले बोलणे हे सगळे आम्ही एकदम बदलले, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला हे या प्रकरणातून सिद्ध होत नाही. मला स्वतःला बाटली संपण्याच्या वेळेची पायरी सर्वांत परिणामकारक वाटते, पण ते मत आहे.

सध्या इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे ठरवलेल्या वेगाने सलाईन सोडणाऱ्या यंत्राचा, घटक लिहिणे चालू आहे. पंपाला थेंब कळत नाहीत. तो ताशी मिलिलिटर विचारतो, आणि त्याच ऑर्डरसाठी त्याच्या पडद्यावर भरायचा बरोबर आकडा १२५ आहे. घटकाच्या पहिल्या पडद्यावर आम्ही तो कागदाचा कोपरा जसाच्या तसा ठेवला आहे, खाली तीन चित्रे आहेत, मायक्रो सेट, २० थेंबांचा सेट आणि पंप, आणि प्रश्न एवढाच आहे, की हे उत्तर यांपैकी कुठे कुठे चालेल.